माळव्याची वाट आणि घोट्याखालचा जोडा

सुटीच्या दिवशी टेकडीवरून किंवा जंगलाच्या कडेने दोनतीन कोस पायी फिरून यावे, ही आवड अलीकडे शहरवासीयांत बरीच वाढली आहे. भोपाळसारख्या नगरीत तर ती वाढावी यात नवल नाही. तलावाच्या काठी श्यामला टेकड्या, थोडे दूर केरवा आणि कलियासोतचे रान, आणखी पुढे भीमबेटकाचे खडक, असा चालणाऱ्याचा मोठाच ठेवा या गावाला लाभला आहे. परंतु पहिल्यांदा बाहेर पडणारा मनुष्य दुकानात जातो आणि तेथेच अडतो. एका फळीवर घोट्याच्या वर चढणारे जाडजूड बूट असतात, दुसऱ्या फळीवर घोट्याखाली संपणारे हलके जोडे. दुकानदार पहिल्यांची शिफारस करतो, कारण ते डोंगराचे म्हणून ओळखले जातात आणि बहुधा महागही असतात. गिऱ्हाईक संभ्रमात पडते. प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा, पण पाय मुरगळून महिनाभर घरी बसलेल्या माणसाला तो क्षुल्लक वाटत नाही. आणि आश्चर्य असे की, याच माळव्याच्या जमिनीवर कोणते पादत्राण घालावे, हा प्रश्न फार प्राचीन काळी रीतसर विचारला गेला होता आणि त्याचा निर्णयही झाला होता. त्या निर्णयाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आपला ‘वहाण’ हा शब्द संस्कृतातील ‘उपानह्’ या शब्दापासून आला. राजसूय यज्ञात राजाने वराहाच्या कातड्याच्या उपानहा पायात घालाव्यात, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. म्हणजे पादत्राण ही आपल्याकडे काही परक्यांनी आणलेली वस्तू नव्हे. जगाच्या पाठीवर पाहिले तर चामड्याच्या जुन्या जोड्यांपैकी एक अत्यंत प्रसिद्ध जोडा आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत २००८ साली सापडला. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. गाईच्या एकाच कातड्यातून तो बेतलेला असून वादीने पुढे आणि मागे आवळलेला आहे, आणि त्याच्या आत गवत भरलेले आढळले. विशेष म्हणजे तो घोट्याच्या खाली संपतो. डोंगराळ मुलखात राहणाऱ्या त्या अनामिक मनुष्याने पायाचा तळ आणि पंजा सांभाळला आणि घोटा मोकळा ठेवला. त्यावरून सगळा सिद्धांत उभा करणे योग्य होणार नाही. तथापि घोट्याखालचा जोडा ही आजच्या कारखान्यांची नवी कल्पना आहे, हा समज मात्र त्याने दूर होतो.

आता आपल्या भूमीकडे वळू. बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्ग या ग्रंथाचा पाचवा भाग चामड्याविषयी आहे. त्याचे नावच ‘चम्मक्खंधक’. त्यात सोण कोळिविस नावाच्या एका श्रीमंत तरुणाची कथा येते. अत्यंत सुखात वाढलेला हा तरुण भिक्षू झाला आणि अनवाणी येरझारा घालीत ध्यान करू लागला. त्याचे पाय फुटले, आणि ज्या जागेवर तो चालत होता ती रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. आणि त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोणाने मात्र ती सवलत एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. सगळ्या संघाला ती मिळणार असेल तरच आपण घेऊ, असे तो म्हणाला. मग परवानगी सर्वांना मिळाली. एका माणसाच्या फुटलेल्या पायांतून सर्वांसाठी नियम निर्माण झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु हा नियम एकपदरी तळाचा होता. अनेक पदरांच्या नव्या जाड वहाणा ऐट म्हणून वर्ज्य होत्या. मगधाच्या गाळाच्या, मऊ जमिनीवर एक पदर पुरत असेल. अवंतीत, म्हणजे आपल्या माळव्यात, तो पुरेना. तेथे महाकच्चान हे ज्येष्ठ भिक्षू राहत होते. त्यांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याबरोबर बुद्धांना काही विनंत्या पाठविल्या. त्यांतील एक विनंती अशी : अवंती आणि दक्षिणापथ येथील जमीन वरून काळी आहे, खरखरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडविली जाऊन ती कठीण झालेली आहे, तरी तेथील भिक्षूंना अनेक पदरी वहाणा वापरू द्याव्यात. ही विनंती मान्य झाली.

माळव्याच्या काळ्या जमिनीवर जो कधी चालला आहे, त्याला या वर्णनातील नेमकेपणा पटल्याशिवाय राहणार नाही. पावसाळ्यात ही माती चिकट होते, गुरे तीत खुरे रुतवून जातात, आणि कार्तिकानंतर तीच माती वाळली की खुरांचे ठसे दगडासारखे घट्ट होतात. त्यांच्या उभ्या कडा तळव्याला बोचतात, आणि एखाद्या खळग्यात पाय तिरका पडला तर घोटा हमखास लचकतो. आता पाहा, या जमिनीवर उपाय म्हणून काय मागितले गेले? जाड तळ. पोटरीपर्यंत चढणारे पादत्राण मागितले गेले नाही. तळ जाड व सपाट असला की खालच्या उंचसखलपणाची बोच पायापर्यंत पोहोचत नाही. वाट चालून ज्यांचे पाय सरावले होते त्या लोकांनी काढलेला हा निष्कर्ष होता, आणि तो आजही खोटा ठरलेला नाही.

उंच पादत्राणे त्या काळी ठाऊक नव्हती असे नव्हे. त्याच प्रकरणात भिक्षूंना वर्ज्य असलेल्या पादत्राणांची मोठी मनोरंजक यादी आहे. मेंढ्याच्या शिंगासारख्या टोकांची, विंचवाच्या नांगीसारखी, मोरपिसांनी सजविलेली, अशी ती पादत्राणे होती. त्यांतच एका प्रकाराबद्दल पुढच्या काळातील टीकाकार सांगतो की ही यवनांची पादत्राणे होत, ती पायापासून पोटरीपर्यंत सर्व झाकतात. भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवर सांची आहे. तेथील मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेशातील लोकांचा एक मेळा कोरलेला आहे. अंगात आखूड अंगरखे आणि खांद्यांवर झूल, कोणी जोडपावा फुंकतो आहे, कोणी लांब शिंग, आणि त्यांच्या पायांत पादत्राणे आहेत. आसपासच्या शिल्पांतील देशी माणसे बहुतेक अनवाणी आहेत. शिल्पकाराने पायांवरून परका ओळखला, असे म्हणता येईल.

पुढे कुषाण राजे आले. मथुरेच्या संग्रहालयातील कनिष्काचा मस्तकहीन पुतळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे ते अवजड बूट विसरता येणार नाहीत. थंड प्रदेशातून आलेल्या घोडेस्वारांचे ते पादत्राण होते. रिकिबीत पाय ठेवणाऱ्याला किंवा घोड्याच्या अंगाशी पोटरी घासणाऱ्याला उंच बूट उपयोगी पडतो. त्या प्रभावाने आपल्या सूर्यदेवालाही बूट मिळाले. स्वतः अवंतीचा असलेला वराहमिहिर बृहत्संहितेत सूर्यमूर्तीला उत्तरेकडील लोकांचा वेश द्यावा, पायांपासून छातीपर्यंत शरीर झाकलेले असावे, असे सांगतो. परंतु माळव्यातला वाटसरू काही सूर्याचे अनुकरण करून बूट घालू लागला नाही. तो वहाणाच वापरीत राहिला. स्वारीचे पादत्राण आणि चालण्याचे पादत्राण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

मग डोंगर म्हटला की उंच बूट, हे समीकरण आपल्या मनात कोठून आले? ते आले युरोपातील आल्प्स पर्वतावरून. तेथील गिर्यारोहक जाड चामड्याचे उंच बूट वापरीत आणि त्यांच्या तळांना लोखंडी खिळे ठोकीत. बर्फ, हिमनद्या आणि घसरते दगडगोटे यांसाठी ती योजना होती. १९३५ साली इटलीतील पुंता राझिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहकांचा अंत झाला. त्यांचे सोबती व्हिताले ब्रामानी यांच्या मनाला हा प्रसंग इतका लागला की त्यांनी खिळ्यांऐवजी खोल खाचांचा रबरी तळ तयार करण्याचा ध्यास घेतला. १९३७ च्या सुमारास तो तळ बाजारात आला. १९५४ साली के-टू हे शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत त्याच बनावटीचे तळ होते. आज आपण ज्या कोणत्याही चालण्याच्या बुटाचा तळ उलटून पाहतो, त्यातील खोल खाचा या त्या सहा मृत्यूंची आठवण आहेत.

आपल्या देशात गिर्यारोहणाचे शिक्षण हिमालयातून आले. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. बर्फासाठी योग्य असलेली साधने आदर्श ठरली, आणि तोच आदर्श नकळत सह्याद्रीच्या, सातपुड्याच्या आणि विंध्याच्या वाटांनाही लागू झाला. त्यात लष्करी बुटांचा दरारा मिसळला. वास्तविक सह्याद्रीत पाठीवर गवताचा भारा घेऊन घाट चढणारा मनुष्य साध्या वहाणांवर चालत आला आहे, आणि गडकोट हिंडणाऱ्या मराठी तरुणांच्या पिढ्यांनी कापडी बुटांवरच किल्ले पालथे घातले. त्यांच्यापाशी पैसे नव्हते हे खरे, पण हलक्या बुटाने त्यांचे अडले नाही हेही तितकेच खरे.

कापडी बुटाची कथा रबराशी निगडित आहे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, आणि त्यानंतर रबरी तळाचे कापडी जोडे शक्य झाले. आपल्याकडे बाटा कंपनीचे काम १९३१ साली सुरू झाले, आणि कवायतीचा कापडी बूट शाळकरी मुलांच्याही पायांत आला. असल्या बुटाची ताकद किती, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी १९५५ साली ॲपलाचियन पर्वतातील सुमारे ३,३०० किलोमीटरची पायवाट एकटीने पुरी केली. खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पायांत कापडी जोडे. जोडे अनेक झिजले, आजीबाई मात्र शेवटपर्यंत पोहोचल्या.

पुढे शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे लक्ष दिले. अमेरिकेतील लष्करी संशोधकांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पायांवर वाहिलेल्या वजनाला अंगावर वाहिलेल्या तेवढ्याच वजनाच्या चौपट ते सहापट शक्ती खर्च होते, आणि चाल जितकी जलद तितका हा फरक वाढतो. कारण उघड आहे. पाठीवरचे ओझे सरळ पुढे जाते, पायाचे ओझे मात्र दर पावलाला उचलावे लागते, पुढे फेकावे लागते आणि थांबवावे लागते. उंच बूट हलक्या जोड्यापेक्षा अर्धा किलोने जड असला, तर पाठीवर दोन ते तीन किलो अधिक घेतल्यासारखेच ते होते. आणि थकलेला पायच अधिक मुरगळतो. उंच बूट घोटा वाचवितो, या समजुतीचीही परीक्षा झाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ विद्यार्थ्यांपैकी काहींना उंच आणि काहींना ठेंगणे बूट देण्यात आले. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तरी केवळ उंचीवर भरवसा ठेवू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आता भोपाळच्या वाटांसाठी निवड कशी करावी? १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमच येथे जन्मलेले मराठी पुरातत्त्वज्ञ रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना टेकडीवरचे विलक्षण आकाराचे खडक दिसले, आणि त्यांच्या पायपिटीतून भीमबेटकाची चित्रगुहा जगापुढे आली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तेथे उत्खनन केले, आणि २००३ साली या स्थानाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा परिसर दुर्बिणीतून सापडलेला नाही, तो चालून सापडला आहे. तेथील जमिनीचे तीन प्रकार आहेत : वालुकाश्माचे उघडे खडक, काळी माती, आणि सागाच्या वाळलेल्या पानांनी झाकलेली जंगलवाट. जोडा या तिघांना पुरला पाहिजे.

प्रथम तळ पाहावा. तो बोटांनी दाबला असता दगडाचे टोक आत जाणार नाही इतका जाड असावा, आणि खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात. दाट खाचांत काळी माती लिंपून बसते आणि तळ गुळगुळीत होतो. फार कडक रबर खडकावर घसरते, फार मऊ रबर लवकर झिजते. मधले निवडावे. नंतर जोडा दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्येच मोडता कामा नये, आणि ओल्या कपड्यासारखा सहज पिळता येऊ नये. टाचेभोवतीचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. तो घट्ट असला तर टाच डगमगत नाही, आणि घोट्याचे खरे रक्षण येथेच होते. बोटांपुढे रबराची ठेच-पट्टी असावी, कारण ठेच ही आपल्या वाटांवरची नित्याची आपत्ती आहे.

जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित फुगतात, आणि चालताना ते फुगणारच असतात. जे मोजे घालून चालावयाचे तेच घालून पाहावे. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी, नाही तर उतारावर नखे काळीनिळी होतात. दुकानात एखादी उतरती फळी किंवा जिना असेल तर त्यावरून उतरून पाहावे. बोटे पुढे आपटली तर जोडा लहान आहे, टाच उचलली गेली तर मोठा आहे. नाड्यांच्या बाबतीत सोणाला सांगितलेला वीणेचा दाखला आठवावा. चढताना त्या थोड्या सैल, उतरताना टाचेकडे थोड्या ताठ असाव्यात.

पाणी अडविणाऱ्या अस्तराचा मोह फार असतो. परंतु घोट्याखालच्या जोड्यात पाणी वरून शिरते, आणि एकदा शिरले की ते अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही. आपल्या उष्ण हवेत घाम निघून जाणारे आणि भिजले तरी लवकर वाळणारे कापड अधिक सोयीचे. मात्र पावसाळा संपला की माळरानावरचे कुसळी गवत पिकते आणि त्याची कुसळे विरळ जाळीतून आणि मोज्यातून पायाला टोचतात. त्या दिवसांत दाट विणीचे कापड निवडावे, किंवा घोट्यावर कापडी पट्टी बांधावी.

घोट्याखालचा जोडा सर्व ठिकाणी चालतो, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पाठीवर दहाबारा किलोंहून अधिक ओझे असेल, वाट सुट्या दगडांची असेल, किंवा पूर्वी घोटा दुखावलेला असेल, तर उंच बुटाचा विचार अवश्य करावा आणि वैद्याचा सल्ला घ्यावा. पावसाळी गवतात साप असतो आणि तेथे ठेंगणा जोडा संरक्षण देत नाही. मळलेली वाट सोडू नये, हातात काठी असावी, दिसत नाही तेथे पाय ठेवू नये. रातापानीचे जंगल २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आहे. तेथे तर परवानगी असलेल्या मार्गानेच जावे. कोणताही जोडा बेफिकिरीची भरपाई करीत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ज्या माणसाने रापी आणि आरी हातात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वहाणा शिवल्या, त्यालाच अनेक गावांत वरच्या आळीतून पायात वहाण घालून जाण्याची मुभा नव्हती. आणि हे फार दूरच्या काळातले नव्हे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या कौशल्याचा तो गौरव झाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांचे सोललेले तळपाय सगळ्या देशाने पाहिले. कित्येकांच्या वहाणा वाटेतच तुटल्या होत्या. दोन फळ्यांपुढे उभे राहून कोणता जोडा घ्यावा असा विचार करता येणे, हे अजूनही सर्वांच्या वाट्याला आलेले सुख नाही.

म्हणून महाकच्चानांच्या त्या जुन्या विनंतीचे महत्त्व मला मोठे वाटते. तीत ऐट नव्हती आणि देहदंडाचा अभिमानही नव्हता. आमची जमीन अशी आहे, आमच्या पायांना असे होते, तेव्हा नियम जमिनीला धरून करा, इतकेच तिचे म्हणणे होते. मगधात केलेला नियम अवंतीत पुरत नाही, तसा आल्प्समधील बूट श्यामला टेकडीवर लागत नाही. दुकानात गेल्यावर फळीवरची नावे वाचण्याआधी आपण ज्या वाटेने चालणार आहोत ती वाट डोळ्यांपुढे आणावी, आणि जोड्याचा तळ उलटून पाहावा.